विश्लेषण : तीन सामने, चार गोल आणि एक हुकलेलं पदक… ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा कोण होते?

अहिल्यानगर जिल्ह्यातले मोठे खेळाडू कोण, असं विचारलं तर उत्तर लगेच मिळतं. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. कुस्तीचा विषय निघाला तर गावागणिक पैलवानांची यादी तयार असते. पण ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा भारतीय कोण, असं विचारलं की बहुतेकांचा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो.

ते नाव आहे नेव्हिल डिसूझा. मूळचे गोव्याचे, खेळले मुंबईत. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेत भारत उपांत्य फेरीत पोहोचला आणि शेवटी चौथा आला. भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये त्याच्या पुढे आजवर गेलेला नाही.

मग हे नाव आपल्याला माहीत का नाही? त्या स्पर्धेत नेमकं काय घडलं होतं? समजून घेऊ या.

नेव्हिल डिसूझा कोण होते?

नेव्हिल यांचा जन्म १९३२ मध्ये गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. आसगावच्या शेजारचं गाव शिवोली. गोव्यात फुटबॉल आला तो याच शिवोलीत, १८८३ मध्ये, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंमुळे, असं मानलं जातं. म्हणजे ज्या भागात हा खेळ गोव्यात रुजला, त्याच भागातलं हे घराणं.

त्या काळी गोव्यातली असंख्य कुटुंबं पोटापाण्यासाठी मुंबई गाठत. धोबीतलाव परिसरात गावागावांच्या ‘कूड’ होत्या. गावाहून आलेल्या माणसाला तिथे स्वस्तात राहायला जागा मिळे. नोकरी, चर्च आणि फुटबॉल या तीन गोष्टींभोवती मुंबईतल्या गोवेकरांचं आयुष्य फिरत असे. नेव्हिल याच मुंबईच्या फुटबॉलमध्ये मोठे झाले आणि टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले.

कंपनीच्या संघातून खेळणं म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगावं लागेल. तेव्हा भारतात व्यावसायिक फुटबॉल नव्हता. खेळाडूला कंपनी, रेल्वे किंवा पोलीस खातं नोकरी देई आणि तो त्यांच्या संघातून खेळे. पगार नोकरीचा, खेळ फावल्या वेळेचा. मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, बर्मा-शेल, रेल्वे अशा संघांची हार्वुड लीगमध्ये झुंज व्हायची. १८९१ पासून सुरू असलेल्या रोव्हर्स करंडकासाठी देशभरातले संघ मुंबईत यायचे आणि कूपरेजचं मैदान गजबजून जायचं.

नेव्हिल यांची जागा होती फॉरवर्डची. फॉरवर्डचं काम ऐकायला सोपं वाटतं. प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर राहायचं आणि चेंडू जाळ्यात घालायचा. प्रत्यक्षात ८९ मिनिटं धक्के खायचे आणि एका मिनिटात चूक करायची नाही, असं ते काम असतं.

त्या वेळी भारतीय फुटबॉल कुठे होता?

स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळला तो १९४८ मध्ये, लंडनला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सविरुद्ध भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि सामना १-२ असा गमावला. भारताचा एकमेव गोल सारंगपाणी रामन यांचा होता.

१९५१ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने इराणला १-० असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंडी, ओलसर मैदान आणि बुटाशिवाय खेळणारे अनेक खेळाडू. हा पराभव जिव्हारी लागला. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण चारच वर्षांनी भारतासमोर पुन्हा हाच युगोस्लाव्हिया उभा राहणार होता.

प्रशिक्षक रहीम यांनी काय बदललं?

या चार वर्षांतल्या बदलामागे सर्वांत मोठं नाव आहे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचं. २०२४ मध्ये आलेला अजय देवगणचा ‘मैदान’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघ घडवला आणि या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स करंडक नेला.

रहीम यांचा भर लहान, वेगवान पासवर होता. चेंडू पायात घोळवत बसण्याची सवय मोडावी म्हणून त्यांनी तरुणांसाठी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा घेतल्या. कमकुवत पायानेच खेळायचं, असे नियमही केले. म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्याने मारायचं.

दुसरा बदल रचनेचा. तेव्हा जगभर ‘डब्ल्यू-एम’ रचना चालायची. मागे तीन बचावपटू, मध्ये चार जणांचा चौकोन आणि पुढे तीन आक्रमक. रहीम यांनी ४-२-४कडे जाणारी रचना वापरली. मागे चार, मध्ये दोन आणि पुढे चार. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने हीच रचना जगात गाजवली. भारतात तिचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते.

याचा फॉरवर्डला काय फायदा? साधं गणित आहे. समोर तीन बचावपटू आणि आक्रमण करणारे चार, म्हणजे एक जण कायम मोकळा. बचावपटू बाजूने धावणाऱ्याला अडवायला सरकला की मध्ये जागा तयार होते. त्या जागेत वेळेवर पोहोचणारा माणूस हवा. रहीम यांना तो नेव्हिल यांच्यात मिळाला.

मेलबर्नला कोणता संघ गेला होता?

कर्णधार होते समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. उजव्या बाजूला अवघ्या २० वर्षांचे पी. के. बॅनर्जी. तितकेच तरुण तुलसीदास बलराम. सोबत जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू, केम्पय्या, निखिल नंदी, नूर मोहम्मद, अझिझुद्दीन, लतीफ असे खेळाडू. हैदराबादच्या खेळाडूंचा भरणा मोठा होता. गोलरक्षकांपैकी एस. एस. नारायण हेही मुंबईच्या मैदानांवर घडलेले. नेव्हिल तेव्हा २४ वर्षांचे होते.

गंमत म्हणजे या संघाची सुरुवात न खेळताच झाली. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरी म्हणजे १९५२चा ऑलिम्पिक विजेता. पण ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. हंगेरीचे काही खेळाडू मेलबर्नला आले, मात्र फुटबॉल संघ आला नाही. भारताला पुढे चाल मिळाली.

१ डिसेंबर १९५६ : नेमकं काय घडलं?

उपांत्यपूर्व फेरीत भारतासमोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. त्यांनी पहिल्या फेरीत जपानला २-० असं हरवलं होतं. मैदान मेलबर्नचं ऑलिम्पिक पार्क. दिवस शनिवार.

सामन्याचा धावता तक्ता असा :

९वं मिनिट : नेव्हिल यांचा गोल. भारत १-०.

१७वं मिनिट : ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांची बरोबरी. १-१.

३३वं मिनिट : नेव्हिल यांचा दुसरा गोल. भारत २-१.

४१वं मिनिट : पुन्हा मॉरो. २-२.

५०वं मिनिट : नेव्हिल यांचा तिसरा गोल. भारत ३-२.

८०वं मिनिट : किट्टू यांचा गोल. भारत ४-२.

हा क्रम नीट पाहा. भारताने दोनदा आघाडी घेतली आणि यजमानांनी दोनदा ती पुसून टाकली. दुसऱ्यांदा बरोबरी झाली ती मध्यंतराच्या चार मिनिटं आधी. घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या संघाला अशा वेळी दुप्पट जोर चढतो. पण मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाला बरोबरी साधता आली नाही. तिन्ही वेळा भारताला आघाडी मिळवून देणारा माणूस एकच होता.

या विजयाने भारत ऑलिम्पिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई संघ ठरला. हा निकाल नशिबाने लागलेला नव्हता, हेही लवकरच दिसलं. ऑलिम्पिक संपल्यावर १२ डिसेंबरला सिडनीत हेच दोन देश पुन्हा भिडले, तेव्हा भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असं हरवलं.

युगोस्लाव्हियाविरुद्ध काय झालं?

४ डिसेंबर. मैदान मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजे क्रिकेटप्रेमींच्या ओळखीचं एमसीजी. समोर चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा युगोस्लाव्हिया. मेलबर्नच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी अमेरिकेला ९-१ असं चिरडलं होतं.

पहिल्या सत्रात गोल झाला नाही. ५२व्या मिनिटाला गोल झाला आणि तो नेव्हिल यांचा होता. भारत १-० असा पुढे. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपासून भारत ३८ मिनिटं दूर होता.

ही आघाडी टिकली दोन मिनिटं. ५४व्या मिनिटाला पापेत्स यांनी बरोबरी साधली, ५७व्या मिनिटाला वेसेलिनोविच यांनी युगोस्लाव्हियाला पुढे नेलं, ६५व्या मिनिटाला पुन्हा पापेत्स. ७८व्या मिनिटाला भारताकडून स्वयंगोल झाला. निकाल १-४.

हा पराभव समजावताना एक मुद्दा नेहमी मांडला जातो. भारतातले बरेचसे सामने तेव्हा ९० नव्हे, ७० मिनिटांचे असत. त्यामुळे खेळाडूंना शेवटच्या २० मिनिटांची सवयच नव्हती. मुद्दा खरा आहे, पण इथे तो पुरेसा नाही. युगोस्लाव्हियाच्या चारपैकी तीन गोल ६५व्या मिनिटापर्यंत झाले होते. दम संपण्याआधीच सामना निसटला होता. गोल केल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सांभाळणं ही मोठ्या सामन्यांच्या सरावाने येणारी गोष्ट आहे. असे सामने भारतीय संघाच्या वाट्याला चार वर्षांतून मोजकेच यायचे. शिवाय तेव्हा बदली खेळाडू उतरवण्याची सोय नव्हती. मैदानात असलेल्या अकरा जणांनीच निभवायचं.

७ डिसेंबरला कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाशी झाला. हा संघ उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाकडून जादा वेळेत १-२ असा हरून आला होता. त्यांनी भारताला ३-० असं हरवलं. नेव्हिल यांना या सामन्यात गोल करता आला नाही. सुवर्ण सोव्हिएत संघाने जिंकलं, रौप्य युगोस्लाव्हियाने, कांस्य बल्गेरियाने. भारत चौथा. चौथ्याला पदक नसतं.

चार गोलांचं मोल किती?

आकडे बोलतात ते पाहू. भारताने मेलबर्नमध्ये तीन सामन्यांत पाच गोल केले. त्यातले चार नेव्हिल यांचे. म्हणजे संघाच्या गोलांपैकी ८० टक्के गोल एकाच खेळाडूचे. संपूर्ण स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा मान तिघांमध्ये विभागला गेला. युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच, बल्गेरियाचे दिमितर मिलानोव्ह आणि भारताचे नेव्हिल डिसूझा. प्रत्येकी चार. यातल्या पहिल्या दोघांच्या गळ्यात पदक पडलं. तिसऱ्याच्या नाही.

आता दुसरी बाजू. देशोदेशीच्या माघारीमुळे मेलबर्नच्या फुटबॉलमध्ये प्रत्यक्षात ११ संघच खेळले. भारताला पहिली फेरी खेळावी लागली नाही. ऑलिम्पिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असल्यामुळे पश्चिम युरोपातले व्यावसायिक खेळाडू तिथे नव्हतेच. पूर्व युरोपातले खेळाडू कागदोपत्री हौशी, पण सरकारी पाठबळावर पूर्ण वेळ फुटबॉल खेळणारे. त्यामुळे १९५६ मध्ये भारत जगात चौथ्या क्रमांकाचा संघ होता, असा दावा सोशल मीडियावर दिसला तर तो बरोबर नाही. भारत त्या ऑलिम्पिक स्पर्धेत चौथा होता.

पण याच कारणाने नेव्हिल यांचे गोल मोठे ठरतात. ऑफिस सांभाळून खेळणाऱ्या मुंबईच्या फॉरवर्डने पूर्ण वेळ खेळणाऱ्या खेळाडूंच्या बरोबरीने गोल केले.

मग हे नाव विसरलं कसं गेलं?

पहिलं कारण, तो खेळ भारतात कुणी पाहिलाच नाही. देशात दूरदर्शनची सुरुवात १९५९ मध्ये दिल्लीत झाली आणि मुंबईत टीव्ही आला १९७२ मध्ये. मेलबर्नचा सामना भारतीयांपर्यंत पोहोचला तो रेडिओच्या बातमीतून आणि वर्तमानपत्राच्या चार ओळींतून. आज अमुक खेळाडूचा गोल पुन्हा पाहायचा म्हटलं तर बोट लावलं की काम होतं. नेव्हिल यांच्या बाबतीत ती सोय नाही.

दुसरं कारण, पदक नाही. आपल्याकडे ऑलिम्पिकचा इतिहास पदकांच्या यादीतून सांगितला जातो. १९५२चं खाशाबा जाधव यांचं कांस्य, १९९६चं लिअँडर पेसचं कांस्य. यादीत नाव नसेल तर पुस्तकात नाव नाही.

तिसरं कारण, सरकारी सन्मान. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये, मेलबर्ननंतर पाच वर्षांनी. फुटबॉलमधला पहिला मान पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, पुढच्या वर्षी तुलसीदास बलराम यांना. दोघेही मेलबर्नचे सहकारी आणि दोघांची कामगिरी पुरस्काराच्या तोलाचीच. पण नेव्हिल यांचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही.

चौथं कारण, भूगोल. भारतीय फुटबॉलच्या आठवणी जपल्या त्या मुख्यतः कोलकात्याने. तिथल्या मोठ्या क्लबांचे चाहते तीन-तीन पिढ्यांच्या गोष्टी सांगतात. मुंबईतला फुटबॉल कंपन्यांच्या संघांचा होता. कंपनीने संघ बंद केला की त्याच्या आठवणी सांगणारं कुणी उरत नाही. नेव्हिल गोव्याचे की मुंबईचे, हा प्रश्नही त्यांच्या विरोधात गेला. दोघांनी आपलं म्हणायला हवं होतं, ते फारसं कुणीच म्हटलं नाही.

१९८० मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं. मुलाखती देण्याचं, आठवणी सांगण्याचं वय येण्याआधीच ते गेले. त्यांच्याविषयी सांगू शकणारे सहकारीही आता नाहीत. पी. के. बॅनर्जी २०२० मध्ये गेले, नारायण २०२१ मध्ये, बद्रू बॅनर्जी २०२२ मध्ये आणि बलराम २०२३ मध्ये.

त्यानंतर भारतीय फुटबॉलचं काय झालं?

१९६० मध्ये भारत रोम ऑलिम्पिकमध्ये खेळला. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी साधली, पण हंगेरी आणि पेरूकडून हरला. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीम यांच्याच संघाने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं. तेव्हा रहीम कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये ते गेले.

रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकसाठी पात्रच ठरलेला नाही. कारणं अनेक आहेत. जग व्यावसायिक झालं, आपण ऑफिसच्या संघांवर थांबलो. सामन्याचा वेळ, प्रशिक्षण, लहान वयातली निवड या सगळ्यात आपण उशीर केला. चांगला प्रशिक्षक गेला की त्याची पद्धतही त्याच्याबरोबर गेली, कारण ती कुणी लिहून, शिकवून पुढे नेली नव्हती.

आज नगरच्या मैदानावर याचा काय संबंध?

लष्करी छावणीच्या या शहराला फुटबॉल नवा नाही. सकाळ-संध्याकाळ मैदानांवर बूट बांधणारी मुलं-मुली दिसतात. त्यांच्या पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : फुटबॉल खेळून पुढे काय?

प्रश्न चुकीचा नाही. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याचा दरवाजा बहुतेकदा पदकाच्या प्रमाणपत्राने उघडतो. जो संघ चौथा येतो, त्यातल्या सर्वांत चांगल्या फॉरवर्डच्या हातात काय पडतं? १९५६ मध्ये ऑलिम्पिकच्या पातळीवर काहीच पडलं नाही. आज जिल्हा किंवा विभागाच्या पातळीवर तो खेळाडू दरवर्षी कुठल्यातरी मैदानातून घरी जातो आणि पुढच्या हंगामात दिसत नाही.

त्यासाठी मोठी योजना लागतेच असं नाही. सामन्याची नोंद ठेवणं, कुणी किती गोल केले, किती मिनिटं खेळला हे लिहून ठेवणं, एवढं कुठल्याही क्लबला आणि शाळेला एका मोबाइलवर जमतं. निवड करणाऱ्यासमोर हरलेल्या संघातल्या खेळाडूचंही नाव मग आकड्यांसह येतं. नेव्हिल डिसूझा यांच्या बाबतीत आपल्याकडे आज जे काही उरलं आहे, ते अशाच नोंदीमुळे उरलं आहे. ९वं, ३३वं आणि ५०वं मिनिट. आणि तीन दिवसांनी, एमसीजीवर, ५२वं.